झाकली मूठ आणि चिकटलेला ब्रेक



पावसाळा संपला की अंगणात, पडवीत किंवा पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकली पुन्हा बाहेर निघतात. वरचे प्लास्टिक बाजूला होते, पाच-सहा किका मारल्यावर इंजिन खोकत खोकत सुरू होते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. पण गाडी ढकलताना जड लागते. रस्त्याला लागल्यावर ती ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. चार-पाच किलोमीटर गेल्यावर मागच्या चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेला तर धग लागते. गॅरेजवाला चाक हाताने फिरवून बघतो आणि सांगतो, "मागचा ब्रेक चिकटतोय."

एवढ्याशा बिघाडावर रविवारच्या पत्रिकेत लेख कशाला, असे कुणी म्हणेल. पण याच ब्रेकच्या निमित्ताने एक फार जुना प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. आपल्याला ठाऊक असलेला, पण समोरच्याला न दिसणारा दोष आपण सांगितला नाही, नुसते गप्प राहिलो, तर ती फसवणूक होते का? खोटा शब्द तर आपण एकही बोललेलो नसतो!

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी ब्रेक समजून घेऊ, कारण उत्तराचा अर्धा भाग त्या लोखंडातच आहे.

शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक जुन्या मोटारसायकलींना मागे ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मध्यभागी वाटीसारखा पोकळ ड्रम आणि त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू. बोलताना आपण त्यांनाच लायनर म्हणतो. आपण पायाने पॅडल दाबतो, तेव्हा एक लांब रॉड ओढला जातो. त्या रॉडमुळे एक छोटा दांडा आपल्या भोकात किंचित फिरतो. या दांड्याचे आतले टोक चपटे असते, त्याला कॅम म्हणतात. कॅम फिरला की दोन्ही शू बाहेर ढकलले जातात, ड्रमला घासतात आणि चाक थांबते. पाय उचलला की आतल्या दोन स्प्रिंगा शूंना पुन्हा जवळ ओढतात आणि चाक मोकळे होते.

म्हणजे ब्रेकची कामे दोन आहेत, धरणे आणि सोडणे. धरण्याचे काम आपण पायाच्या जोराने करतो. सोडण्याचे काम मात्र बिचाऱ्या स्प्रिंगांना करावे लागते आणि त्यांच्यात पायाएवढा जोर नसतो. पावसाचे पाणी, रस्त्याची धूळ आणि वाळून गेलेले जुने ग्रीस यांमुळे कॅमचा दांडा गंजला, की पाय त्याला फिरवू शकतो, पण स्प्रिंग त्याला परत आणू शकत नाही. म्हणून हा बिघाड फसवा असतो. ब्रेक दाबला तर गाडी थांबते! मालक म्हणतो, "ब्रेक लागतोय ना? मग झाले." बिघाड असतो तो न सुटण्यात, आणि तिकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

पण न सुटणारा ब्रेक आतल्या आत काम करत राहतो. घासून घासून ड्रम तापतो. लायनर कडक आणि चकचकीत होतात, मग खरोखर गरज असते तेव्हा त्यांची पकड कमी पडते. कधी ओल्या रस्त्यावर जरा दाबताच चाक जाम होते आणि गाडी मागून घसरते. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात सर्व नव्या दुचाकींना, त्यांच्या इंजिनच्या क्षमतेनुसार, दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस किंवा चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक जुन्या गाडीला असा आधार नाही. शिवाय पॅडल पूर्ण वर आले नाही तर मागचा लाल दिवा सतत पेटलेला राहतो. जो दिवा कायमच पेटलेला आहे, तो मागून येणाऱ्याला काय सांगणार? गाडी खरोखर थांबते आहे तेव्हाही त्याला ते कळत नाही.

आता दुरुस्ती. गाडी डबल स्टँडवर घेऊन प्रथम रॉडच्या टोकाचा नट थोडा सैल करायचा. चाक लगेच मोकळे फिरू लागले, आणि पॅडल दाबून सोडल्यावरही मोकळेच राहिले, तर कदाचित नट जास्त आवळला गेला होता इतकेच. चेन ताणताना चाक मागे सरकते आणि त्याबरोबर हा रॉडही ताणला जातो, हे बऱ्याच वेळा विसरले जाते. पॅडल ज्या खिळीवर फिरते तीही गंजलेली असू शकते, म्हणून तीही पाहायची. एवढे करूनही कॅमचा दांडा परत येत नसेल, तर चाक खोलण्याला पर्याय नाही.

चाक काढायचे, ब्रेकची प्लेट बाहेर घ्यायची, शू आणि स्प्रिंगा उतरवायच्या. बाहेरचा लिव्हर काढण्यापूर्वी तो दांड्यावर कुठे बसला होता त्याची खूण करून ठेवायची. दांडा बाहेर काढून पॉलिश पेपरने गंज घासायचा, भोक रॉकेलने स्वच्छ करायचे, आणि उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी पातळ लावायचे. लायनरला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. ढिल्या झालेल्या स्प्रिंगा आणि झिजलेले शू बदलायचे. ड्रममधली काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ती धूळ शेवटी गॅरेजमध्ये हाताखाली काम करणाऱ्या पोराच्याच छातीत जाते. सगळे जोडताना प्लेटला धरून ठेवणारी पट्टी, तिचा नट आणि त्यातली पिन विसरायची नाही. ती सुटली तर ब्रेक दाबताच संपूर्ण प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते, आणि पुढे काय होईल ते सांगायला नको. शेवटी पॅडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवायची. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते.

हे काम काहीशे रुपयांचे आणि एखाद्या सकाळचे. पण याला एक पाच मिनिटांचा पर्यायही आहे. चाक न खोलता नट चार फेरे सैल करायचा, कॅमच्या दांड्यावर बाहेरून तेलाची धार सोडायची, पॅडल दहा-वीस वेळा खालीवर करायचे. चाक गरगर फिरू लागते. पण काही दिवसांनी त्या तेलात धूळ मिसळून चिखल होतो आणि दांडा पुन्हा धरतो. तेल आत लायनरपर्यंत झिरपले तर गोष्ट आणखी वाईट, कारण मग ब्रेक लागतही नाही.

आडरस्त्यावर अडकलेल्या माणसाने घरी पोहोचण्यापुरता हा उपाय केला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली, तर त्यात गैर काहीच नाही. पण समजा, मालकाला ही गाडी विकायची आहे. गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार आहे. तो एक तरुण आहे, घरोघर सामान पोचवण्याचे काम त्याला मिळाले आहे, आणि संध्याकाळी याच गाडीवर तो बायको आणि लहान मुलाला घेऊन घरी जाणार आहे. मालक मेकॅनिकला म्हणतो, "तात्पुरते करून दे रे, उद्या द्यायचीच आहे." सकाळी तरुण येतो, गल्लीत एक फेरी मारतो, ब्रेक लागतो आणि सुटतोही. "गाडी कशी आहे?" असे तो नेमके विचारत नाही, मालकही सांगत नाही. पैसे मोजले जातात. मालकीबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. त्या कागदांवर ब्रेकसाठी रकाना नाही. मालक कुठे खोटे बोलला?

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरची अब्रू, गरिबी, दुःख झाकून ठेवणाऱ्या माणसाला या म्हणीने पुष्कळ धीर दिला आहे. पण मुठीत काय आहे यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असेल, तरीही ती झाकलेलीच ठेवायची का?

रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो नेमका हाच वाद मांडतो. एका माणसाला आपले घर विकायचे आहे. घर राहायला अपायकारक आहे, त्याचे लाकूड वाईट आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात, पण हे मालकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्याने गप्प बसून घर विकले तर? बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांची मते इथे वेगळी पडतात. डायोजिनीसचे म्हणणे साधारण असे, की मालकाने कुणावर बळजबरी केली नाही, घर चांगले आहे असेही म्हटले नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. शेवटी न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. अँटिपेटरला हे पटत नाही. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे अथेन्समध्ये निंद्य मानले जाई. इथे तर आपण माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लागू देतो आहोत, असे तो म्हणतो. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूने पडतो. प्रत्येक गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे, हे त्यालाही मान्य आहे. पण जे कळण्यात समोरच्याचे हित आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू नये अशी इच्छा धरणे, याला तो लपवणे म्हणतो.

डायोजिनीसचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेऊ नये. बाजार त्याच तत्त्वावर चालतो आणि कायद्यानेही त्याला बरीच जागा दिली आहे. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात, काही महत्त्वाचे अपवाद सोडल्यास, वस्तू नीट पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये काही बोलकी उदाहरणे आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा धड नाही हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच पुढचे उदाहरण येते. घोडा घेणारी त्या माणसाची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते!

बंधू-भगिनींनो, या दोन उदाहरणांपाशी जरा थांबावे. घोडा तोच, दोष तोच, विकणारा तोच. बदलली ती फक्त समोरची व्यक्ती. परक्याच्या बाबतीत जे चालते, ते लेकीच्या बाबतीत चालत नाही. कायद्याने आपल्या मनाचा आरसाच इथे धरला आहे. तीच मोटारसायकल आपण आपल्या लेकीला कॉलेजला जायला दिली असती, तर नुसता नट सैल करून दिली असती का? रात्री दहा वाजता मेकॅनिकला उठवून चाक खोलायला लावले असते! याचा अर्थ, दोष किती गंभीर आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. ते न सांगण्याचे कारण अज्ञान नव्हे. ज्याच्या मांडीखाली ती गाडी जाणार आहे, तो आपला कुणी लागत नाही, हे आहे.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम कृती करून झाकणे, ही कायद्याच्याही दृष्टीने फसवणूकच. आपला मालक नुसता गप्प राहिलेला नाही. गिऱ्हाइकाच्या फेरीपुरता ब्रेक सुटावा म्हणून त्याने नट सैल करून घेतला आहे. तोंड मिटलेले असले तरी पान्हा बोलला आहे, आणि तो खोटे बोलला आहे. मेकॅनिकही यातून सुटत नाही. मालकाने सांगितले म्हणून केले, असे तो म्हणेल. पण कशासाठी करून घेतले जात आहे हे त्याला माहीत होते, आणि पान्हा त्याच्याच हातात होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील अन्यायाचा विचार करताना हा प्रश्न फार व्यवहारी पद्धतीने सोडवला. लपलेल्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवाला धोका होणार असेल, तर तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. लंगडणारा घोडा वेगवान म्हणून, पडायला आलेले घर मजबूत म्हणून, बिघडलेले अन्न चांगले म्हणून देता येत नाही. मात्र दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्याप्रमाणे कमी घेतली असेल, तर तो बोलून दाखवण्याची सक्ती नाही. आपल्या गाडीच्या भाषेत सांगायचे तर फाटलेले सीट, उडालेला रंग, पोचा आलेली टाकी हे गिऱ्हाइकाला दिसते, ते मोजून दाखवायला नको. गल्लीतल्या एका फेरीत न कळणारा ब्रेक मात्र सांगायलाच हवा.

यावर कुणी म्हणेल, असे दोष सांगत बसलो तर जुनी गाडी घेणार कोण? ही शंकाही संत थॉमस यांनी विचारात घेतली आहे. दोषांची दवंडी पिटण्याची गरज नाही, असे ते म्हणतात. तसे केले तर लोक आधीच पळतील, आणि एका बाबतीत सदोष पण बाकी उपयोगी असलेली वस्तू वाया जाईल. जो घ्यायला येतो, त्याला एकट्याला सांगावे, म्हणजे तो सगळ्या बाजू तोलून ठरवील. किती समंजस विचार आहे हा! गाडीवर 'ब्रेक खराब' अशी पाटी लावायची नाही. दारात आलेल्या त्या तरुणाला चहा देताना एवढेच म्हणायचे, "भाऊ, इंजिन चांगले आहे, पण मागचा ब्रेक पावसापासून चिकटतो. चाक खोलून कॅम साफ करून घ्यावा लागेल. त्याचे पैसे किमतीतून कमी कर, पण ते केल्याशिवाय मुलाला मागे बसवू नकोस."

"आम्हालाही पैशांची गरज आहे, फादर," असे म्हणणारे आपल्यात आहेत आणि त्यांची गरज खरी असते. जुनी गाडी हौसेने विकणारे थोडे. मुलांची फी, आजारपण, कर्जाचा हप्ता अशी कारणे असतात. पण हिशेब मांडून पाहावा. खरे सांगितल्याने विक्रेत्याचे काहीशे रुपये कमी होतील, फार तर हजार-दोन हजार. न सांगितल्याने जे जाऊ शकते, त्याची किंमत रुपयांत होत नाही. आणि ती किंमत चुकवणारा बहुधा आपल्याहून अडचणीतला असतो, म्हणून तर तो पंधरा वर्षांची गाडी घ्यायला आला आहे. आपल्या गरजेचा भार त्याला न विचारता त्याच्या पाठीवर टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

"मलाही अशीच गळ्यात मारली होती," हे दुसरे उत्तर. असेल. पण त्या वेळी आपल्याला काय वाटले होते, हे आठवले तर उत्तर तिथेच मिळते. आणि दोष खरोखरच ठाऊक नसेल तर? तर विकणाऱ्याकडे पाप लागत नाही, असे संत थॉमस सांगतात. मात्र नंतर कळले, तर घेणाऱ्याची भरपाई करणे त्याचे कर्तव्य होते. म्हणजे गाडी दारातून गेली म्हणून जबाबदारी गेली असे नव्हे. ज्याचा फोन नंबर आपल्याकडे आहे त्याला फोन करायला एक मिनिट पुरते.

चिकटलेल्या ब्रेकचे मूळ दुखणे धरून ठेवण्याचे आहे. जे वेळेवर सुटायला हवे, ते सुटत नाही, आणि बाहेरून सगळे ठीक दिसत असताना आत धग वाढत जाते. ठाऊक असलेले सत्य चार पैशांसाठी धरून ठेवणाऱ्या माणसाचेही तसेच होते. व्यवहार झालेला असतो, पैसे खर्चूनही टाकलेले असतात, पण रात्री रस्त्यावर ब्रेकचा करकर आवाज आला की त्याच्या मनात पहिला विचार त्या गाडीचा येतो.

या दिवसांत आपल्यापैकी कुणी जुनी मोटारसायकल, स्कूटर, मिक्सर, गॅसची शेगडी किंवा विहिरीवरचा पंप विकायला काढला असेल, तर एक साधी कसोटी लावावी. घेणारी आपली लेक असती, तर तिला आपण काय सांगितले असते? ते समोरच्या माणसाला सांगावे, त्याने विचारण्याची वाट न पाहता, आणि पैसे हातात येण्यापूर्वी.